हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. गेल्या महिन्यात इथे बऱ्याच जणांनी आपापल्या जुन्या वाड्यांच्या आठवणी लिहिल्या. चौक, तुळशीवृंदावन, माळवद, गणपतीची आरास, सगळं वाचून छान वाटलं. पण एक गोष्ट खटकली. कुणाचा वाडा विकला, कुणाचा पाडला, कुणी बिल्डरला दिला, हे सगळं आलं. त्या घरात जन्मलेल्या मुलींना त्या वेळी कुणी काही विचारलं का, हे एकाही पोस्टमध्ये नव्हतं. म्हणून मी माझ्या घराची गोष्ट लिहिते आहे. कुणावर राग नाही. यात माझीही चूक आहे आणि ती पुढे येईलच.

माझं माहेर इंदूरचं, रामबागेतलं. घर आजोबांनी बांधलेलं. ते होळकर संस्थानात नोकरीला होते. 1962 साली ते गेले. मागे आजी, माझे वडील आणि आत्या. आत्याचं लग्न झालेलं होतं. घराच्या संपत्ती कराच्या पावतीवर वडिलांचं नाव लागलं आणि विषय संपला. 1971 मध्ये आत्याचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं. ती माहेरी परत आली. मागच्या बाजूची, न्हाणीघराला लागून असलेली खोली तिला मिळाली. पुढची तेवीस वर्षं ती तिथे राहिली.

वडिलांनी तिला कधी उणं बोललं नाही, हे खरं आहे. आईनेही केलं. पण आत्या दुपारी पंखा लावायच्या आधी विचारायची. पाहुणे आले की स्वतःचं ताट मागे ठेवायची. पापड, कुरडया, आमच्या सगळ्यांची बाळंतपणं, सगळं तिने केलं. लोक म्हणायचे, "भावाने सांभाळलं हो बहिणीला, नशीबवान आहे." ती पण तेच म्हणायची. 1994 मध्ये ती गेली.

आता कायदा काय होता ते सांगते. हे मला फार उशिरा कळलं. हिंदू वारसा कायदा 1956 पासून लागू आहे. माणसाने स्वतः कमावलेली मालमत्ता असेल आणि त्याने मृत्युपत्र केलं नसेल, तर बायको, मुलगे आणि मुली या सगळ्यांना सारखा वाटा, हे त्या कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. मुलगी लग्न झालेली असो की नसो. म्हणजे 1962 सालीच त्या घराचा एक तृतीयांश आत्याचा झाला होता. पुढे आजी गेल्यावर तिचा वाटा दोघा भावंडांत विभागला गेला आणि आत्या निम्म्या घराची मालकीण झाली. राहतं घर असेल तर मुलीला वाटणी करून मागता येत नसे, अशी एक अट तेव्हा कायद्यात होती. ती 2005 मध्ये काढली. पण वाटणी मागता येत नाही म्हणजे वाटा नाही, असं नव्हे. आणि विधवा मुलीला त्या घरात राहण्याचा हक्क तर त्या जुन्या अटीतही होताच. कराच्या पावतीवर नाव एकाचं असलं म्हणून मालकी एकाची होत नाही.

निम्म्या घराची मालकीण तेवीस वर्षं पंखा लावायला विचारत होती. मला हे आठवलं की अजून घशाशी येतं.

2003 मध्ये वडील गेले. चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं, पाहुणे पांगले आणि संध्याकाळी दादा वकीलसाहेबांना घेऊन आला. हकत्यागाचे कागद होते, आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हणतात तेच. आई, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी बहिणी, असे पाच वारस. प्रत्येकाचा पाचवा हिस्सा. हे मी आज लिहिते आहे, त्या दिवशी कुणीही सांगितलं नव्हतं. दादा म्हणाला, "नामांतरणासाठी लागतं गं, नुसती फॉर्मॅलिटी आहे." त्याच्या आवाजात कपट नव्हतं. त्यालाही तसंच वाटत असावं. मी सही केली. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तिनेही केली. दोन दिवसांनी रजिस्ट्री ऑफिसमध्ये जाऊन आलो. येताना वहिनीने दोघींना साड्या घेतल्या. साडी चांगली होती, चंदेरी. अजून आहे माझ्याकडे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी भावांचं उणं काढते आहे. थांबा. आता सासरचं ऐका.

माझे सासरे 1988 मध्ये गेले. सासूबाई, माझे यजमान आणि दोन नणंदा. पुढे सासूबाईही गेल्या. नणंदांनी कधीच कुठे सही केली नव्हती, कारण कुणी मागितलीच नव्हती. घर आमचंच, असं आम्ही धरून चाललो. 2019 मध्ये ते विकायचं ठरलं तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने सांगितलं, बहिणींच्या सह्या लागतील. तिघांचा सारखा वाटा आहे. हे घरी येऊन म्हणाले, "दोघींना बोलावून घेऊ दिवाळीत. सही करतील. तू चांगल्या साड्या आण."

मंडळी, मी साड्या बघायला गेले होते, हे कबूल करते. दुकानात गादीवर बसले, समोर चंदेरी पसरली, आणि मला चौदाव्या दिवसाची ती संध्याकाळ आठवली. साडी न घेता घरी आले आणि म्हटलं, "वन्संना आधी आकडा सांगायचा. घराची किंमत काय ठरली, त्यांचा वाटा किती, सगळं. मग त्यांना जे करायचं ते करू देत." घरात आठ दिवस अबोला. "तुझं माहेर नाही का गेलं असंच? मग आमच्याच घरात कायदा का?" असंही ऐकावं लागलं. प्रश्न चुकीचा नव्हता. मला उत्तर सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं की तेव्हा मला माहीत नव्हतं, आता आहे.

शेवटी यांनीच फोन केला. हैदराबादच्या वन्संनी ऐकून घेतलं, दोन दिवस मागितले आणि म्हणाल्या, मला नको, दोन्ही मुलं मार्गी लागलीत, पण तू विचारलंस हे बरं केलंस. बडोद्याच्या वन्सं म्हणाल्या, मला हवा. त्यांच्या यजमानांचं आजारपण चालू होतं, ते आम्हाला नीट माहीतही नव्हतं. माहेरी कशाला सांगायचं, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. आम्ही त्यांना तिसरा हिस्सा दिला. तीन बेडरूमचा फ्लॅट बघितला होता, तिथे दोन बेडरूमचा घ्यावा लागला. भावाबहिणीत काही महिने बोलणं कमी होतं, खोटं कशाला सांगू. पण त्या पुढच्या वर्षापासून भाऊबीज पुन्हा सुरू झाली आणि गणपतीला त्या येतात. नातं तुटतं म्हणतात, ते तुटलं नाही. चार दिवस ताणलं गेलं. बायकांच्या गप्प बसण्यावर टिकलेलं नातं ताणलेलंच असतं, फक्त पुरुषांना तो ताण जाणवत नाही, इतकंच.

या निमित्ताने मी थोडं वाचलं, मुलीच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडून समजून घेतलं. आपण सगळे वेगवेगळ्या गावी वसलेले मराठी, म्हणून हे मुद्दाम सांगते. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मापासून मुलासारखा हक्क, ही गोष्ट आंध्र प्रदेशने 1986 मध्ये केली, म्हणजे हैदराबादच्या आपल्या लोकांना लागू झाली. तमिळनाडूने 1989 मध्ये, म्हणजे तंजावरच्या मराठी घरांना. महाराष्ट्र आणि कर्नाटक 1994 मध्ये, म्हणजे बेळगावला तेव्हा. तेही त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींपुरतंच. मध्य प्रदेश आणि गुजरातने असं काही केलं नाही, त्यामुळे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मुलींना 9 सप्टेंबर 2005 ची केंद्राची दुरुस्ती येईपर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पुढे पंधरा वर्षं वाद चालला. 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सांगितलं की वडील हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने आहे. मात्र 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत.

गोव्याचं आणखी वेगळं. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी सारखे आणि आईवडिलांना निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने दुसरीकडे देता येत नाही. आता त्यासाठी राज्याचा 2012 चा स्वतंत्र कायदा आहे. माझी एक मामेबहीण मडगावला दिलेली आहे. मी तिला म्हटलं, तुमचं बरं आहे बाई. ती हसली. म्हणाली, इथेही बायका नोटरीपुढे बसून हक्क सोडून देतातच.

मला तिचं हे बोलणं पटतं. तीच मंगळागौर, तेच हळदीकुंकू, पण पत्ता बदलला की मुलीचा हक्क वेगळा, अशी आपली स्थिती कितीतरी वर्षं होती. आता कायदा जवळपास सगळीकडे सारखा झाला. तरी सही करून घेण्याची पद्धत सगळीकडे तशीच आहे. म्हणजे अडचण आता कायद्यात कमी आणि आपल्या दिवाणखान्यात जास्त आहे.

आपण मोठी नावं घ्यायला पुढे असतो. आम्ही इंदूरवाले अहिल्याबाईंच्या गावचे म्हणून मिरवतो. बडोदेकर सांगतात, सयाजीरावांनी 1906 मध्ये मुलामुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण दिलं, 1931 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला. 1927 साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष महाराणी चिमणाबाई होत्या. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं, त्या बिलात मुलींचा वाटा हा भांडणाचा मोठा मुद्दा होता. एवढ्या लोकांनी एवढं करून ठेवलं, आणि आपण चौदाव्या दिवशी "फॉर्मॅलिटी आहे गं" म्हणून कागद पुढे सरकवतो.

नेहमीचे मुद्दे मला माहीत आहेत. "लग्नात खर्च केला ना." लग्नाचा खर्च हा वारशाचा हिस्सा नसतो आणि त्या खर्चात मुलीच्या नावावर काय झालं, ते बघा. "आईवडिलांना मुलगा सांभाळतो." ज्याने खरंच सांभाळलं त्याला जास्त मिळावं, हे मलाही मान्य आहे. मग आईवडिलांनी हयातीत मृत्युपत्र करावं, उघडपणे, मुलींसमोर. आणि सांभाळतो म्हणजे बहुतेक घरांत सून सांभाळते, तिचं नाव कोणत्या कागदावर असतं? "आमच्या मुलीच नको म्हणतात." म्हणू देत. माझ्या एका नणंदेनेही नको म्हटलं. पण किती आहे ते कळल्यावर, विचार करायला वेळ मिळाल्यावर नको म्हणणं वेगळं. सुतकातून उठलेल्या, डोळे सुजलेल्या मुलीची सही घेणं वेगळं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वर्षभर तरी असा कागद मुलींपुढे ठेवू नका. ठेवाल तेव्हा वाटा किती आणि आजची किंमत किती ते आधी सांगा. तिला कागद घरी नेऊ द्या, तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवू द्या. आईलाही विचारा, तिचाही वाटा असतो आणि तिची सही तर सगळ्यांत आधी घेतली जाते. आणि बायांनो, तुमच्या स्वतःच्या नावाने जे आहे त्याचं मृत्युपत्र करा. मूल नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली आणि यजमान आधीच गेलेले असले, तर तिची स्वतःची कमाई आधी सासरच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांचा नंबर नंतर. हे किती जणींना ठाऊक आहे?

आपल्या मंडळात दर वर्षी 8 मार्चला रांगोळी, पाककृती आणि भावगीतं होतात. छान होतात, मीही भाग घेते. यंदा एक तास असा ठेवा की बायकांनी आपापल्या घरच्या कागदांबद्दल बोलायचं आणि पुरुषांनी फक्त ऐकायचं. चहाचं पुरुष बघतील.

माझ्या माहेरचं मी पुन्हा उकरलं नाही. सही नोंदणीकृत आहे आणि आता माझं वयही राहिलं नाही. पण धाकटीचं मनातून जात नाही. तिचा संसार टिकला नाही, आज ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. गेल्या राखीला दोघीच स्वयंपाकघरात होतो. तिने सहज विचारलं, "ताई, त्या दिवशी तू एकदा तरी का नाही विचारलंस, कशाचा कागद आहे म्हणून? मी तुझ्याकडे बघत होते."

मी तिला काय सांगणार? निदान तुम्हाला तरी सांगते. तुमच्याकडे बघणारी एखादी धाकटी असेल. तिच्यासाठी तरी विचारा.