पर्समधले पिस्तूल आणि घराची वाट

सन २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून एक छोटे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. नाव ‘निर्भीक’. वजन अर्धा किलो, पर्समध्ये सहज मावणारे, दागिन्यांच्या डब्यासारख्या पेटीत ठेवून दिलेले. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बसमध्ये एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराने सारा देश हादरला होता. त्या मुलीला लोकांनी दिलेल्या ‘निर्भया’ या नावाशी जुळणारेच हे नाव होते.

किंमत मात्र तेव्हा १ लाख २२ हजार रुपयांच्या घरात होती! शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना हवा, वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, पोलिसांची चौकशी हवी. चार घरची धुणीभांडी करणारी, रात्री उशिरा दुकानातून सुटणारी आपली बहीण यात कुठे बसते?

पण समजा, उद्या ते स्वस्त झाले आणि परवानाही मिळाला. मग आपली लेक निर्धास्त होईल काय? इतिहास काय सांगतो ते पाहू.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी हेन्री डेरिंजर नावाचा बंदुका बनविणारा कारागीर होता. त्याची खिशात मावणारी पिस्तुले फार गाजली. त्यांपैकीच एक, जेमतेम सहा इंच लांबीचे, एकच गोळी सुटणारे पिस्तूल घेऊन १४ एप्रिल १८६५ च्या रात्री बूथ नावाचा नट वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात शिरला आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर त्याने मागून गोळी झाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेले. गुलामांच्या मुक्तीसाठी लढलेला माणूस गेला. ज्या अमेरिकन लोकांनी ही गुलामगिरी मोडली, त्यांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले.

त्या रात्री लिंकन यांच्याजवळ लष्कराचा एक मेजर बसला होता. गोळी सुटेपर्यंत त्यालाही काही कळले नाही. लपविलेल्या शस्त्राचा खरा फायदा आधी वार करणाराला होतो. ज्याच्यावर वार होतो, त्याची पर्स उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आणि दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे लहान मुले डबे उचकतात आणि कधी दारू पिऊन भांडणे होतात, तिथे भरलेले पिस्तूल ठेवायचे तरी कुठे?

आम्हांस वाटते, आपण पिस्तूल मागू नये, हक्क मागावा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते आणि तिला दारापर्यंत पोचविण्याची सोय मालकाने करावयाची असते. हे किती जणींना ठाऊक आहे? चौघीजणींनी मिळून मालकाकडे लेखी मागणी करा. गल्लीतला दिवा बंद असेल तर नगरसेवकाच्या दारी जा. ११२ हा क्रमांक घरातल्या लहानांनाही पाठ करून द्या.

लेकीच्या पर्समध्ये डबा असावा, पुस्तक असावे, पगार असावा. तिची वाट उजेडाची करणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.