'एलियनेशन': मार्क्सच्या आधी आपल्या दप्तरात

१/ 'एलियनेशन' म्हटले की आपले इतिहासप्रेमी मित्र मार्क्सचे नाव घेतात आणि 'परात्मता' हा प्रतिशब्द देऊन मोकळे होतात. हा शुद्ध आळस आहे. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत जर्मन शब्द योजले होते आणि ती प्रसिद्ध झाली १९३२ मध्ये. तोवर हा इंग्रजी शब्द महाराष्ट्राच्या महसुली दप्तरात मुरलेला होता.

२/ मूळ लॅटिन. 'आलिउस' म्हणजे दुसरा, 'आलिएनुस' म्हणजे दुसऱ्याचा, परका. 'आलिएनारे' म्हणजे दुसऱ्याचे करणे. मालमत्ता दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, मन दुरावणे, बुद्धिभ्रंश होणे, हे सारे अर्थ लॅटिनमध्येच होते. म्हणूनच इंग्रजीत मनोरुग्णांच्या वैद्याला एके काळी 'एलियनिस्ट' म्हणत.

३/ पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इनाम जमिनींना 'एलियनेटेड' म्हटले. म्हणजे जिच्या साऱ्यावरील सरकारी हक्क दुसऱ्याकडे गेला ती. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ दिले आणि पिढीजात इनामांची छाननी सुरू झाली. पेशवे दप्तर सांभाळणारी पुण्यातील कचेरी तर 'एलियनेशन ऑफिस' म्हणूनच ओळखली जाई.

४/ हा शब्द निरुपद्रवी नव्हता. सारा मुळात सरकारचाच, हे त्यात आधीच गृहीत धरलेले होते. मग इनामदार आपोआप परका ठरला आणि हक्क सिद्ध करण्याचे ओझे त्याच्या माथी आले. खटला उभा राहण्यापूर्वी शब्दाने निम्मा निवाडा दिला होता! यावरून इनामदारांचे गोडवे गाऊ नयेत. जमीन कसणाऱ्या कुळाचे स्थान या शब्दात कोठेच नाही.

५/ कोणी म्हणेल, आम्हा जालनेकरांचा याच्याशी संबंध काय? येथे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य; ते कमिशन येथे आलेच नाही. खरे आहे. परंतु १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत या शब्दाची व्याख्या आहे, आणि ती संहिता कुंडलिकेच्या दोन्ही काठांना, जुन्या आणि नवीन जालन्याला, सारखीच लागू आहे.

६/ म्हणून मित्रहो, शब्दाचा अर्थ केवळ कोशात शोधू नका. तो कोणी, कोणत्या कागदावर, कोणाविरुद्ध लिहिला, तेही विचारा. तत्त्वज्ञांनी दुरावा मनात शोधला. आपल्याकडे तो आधी साऱ्याच्या हिशेबात नोंदला गेला होता.