पोटाचे स्वराज्य

शरीरात पोटाइतका सोशिक चाकर दुसरा नाही, आणि त्याच्याइतका छळही दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येत नाही. आमच्या जळकोटच्या पेठेतील कोणताही दुकानदार घ्या. सकाळपासून गादीवर बैठक, उपाशीपोटी तीनदा चहा, दुपारचे जेवण चारास, रात्रीचे दहास आणि लगेच निद्रा! मग पोट फुगते, आंबट ढेकर येतात, शौचास साफ होत नाही. त्यावर उपाय काय, तर एक गोळी किंवा चिमूटभर चूर्ण. आणि दुसऱ्या दिवशी क्रम तोच. ही कोर्टात तारीख वाढवून घेण्याची रीत झाली. दावा निकालात निघत नाही.

निसर्गोपचाराचे मुख्य सांगणे हेच की, लक्षण दाबू नका, कारण काढून टाका. महात्मा गांधींस दक्षिण आफ्रिकेत बद्धकोष्ठ व डोकेदुखी यांनी त्रस्त केले होते. सकाळचा फराळ सोडताच डोकेदुखी गेली. बद्धकोष्ठासाठी त्यांनी आडोल्फ जुस्ट याच्या ग्रंथानुसार पोटावर ओल्या मातीची पट्टी बांधली. पुढे मार्च १९४६ मध्ये पुण्यानजीक उरुळी कांचन येथे राहून त्यांनी गोरगरिबांवर हेच उपचार केले, आणि तेथील आश्रम मणिभाई देसाई यांनी नावारूपास आणला.

मातीच्या पट्टीच्या गुणाविषयी मतभेद असेल. पथ्याविषयी तो असण्याचे कारण नाही. मैद्यात धान्याचा कोंडा उरत नाही, म्हणून आतड्यांस मळ पुढे ढकलण्यास आधार मिळत नाही. आपली ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी व पुरेसे पाणी हा आधार देतात. जेवून लगेच आडवे झाल्यास जठरातील आम्ल वर चढते. म्हणून जेवण व झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. या उपायांस खर्च नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यांस मान नाही!

परंतु येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. डॉक्टरी परकी व निसर्गोपचार तेवढा स्वदेशी, असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, जुस्ट हा जर्मन होता. आणि १२ जानेवारी १९२४ रोजी आंत्रपुच्छ सुजले तेव्हा येरवड्याचे कैदी असलेल्या गांधींनी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. जठरातील पुष्कळ व्रणांचे मूळ एक जंतू आहे, हे मार्शल व वॉरन या ऑस्ट्रेलियन वैद्यांनी दाखविले. त्याबद्दल त्यांस २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तो जंतू उपासाने मरत नाही. शौचावाटे रक्त, काळा मळ, विनाकारण घटणारे वजन, घास अडकणे, ज्वरासह तीव्र पोटदुखी, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती प्रयोग न करता उदगीर-लातूरचे रुग्णालय गाठावे. मुलास जुलाब होत असता तर त्यास उपाशी ठेवणे हा निव्वळ अपराध होय. त्यास क्षारसंजीवनी पाजावी व अन्नही चालू ठेवावे.

स्वराज्य म्हणजे स्वतःवरील ताबा. स्वराज्यात न्यायाधीश नको असे कोणी म्हणत नाही. ताटावर आपली सत्ता असावी, आणि जेथे आपली सत्ता संपते तेथे जाणत्याचा निकाल विनाविलंब मान्य करावा. एवढे केल्यास पोटाची फिर्याद बव्हंशी उरणार नाही.