'ॲडजस्ट' करायचे, पण कोणी?

लग्नसराईच्या दिवसांत मोताळ्याहून मलकापूरला जाणाऱ्या एसटीत बसायला जागा मिळणे म्हणजे पूर्वपुण्याईच! परवा ती मिळाली. दोघांच्या बाकावर आम्ही दोघे बसतो न बसतो तोच एक तरुण येऊन म्हणाला, ''काका, थोडं ॲडजस्ट करा.'' आम्ही सरकलो. मागच्या बाकावर कुणा मुलीच्या सोयरिकीची चर्चा चालली होती. ''नोकरी सोडावी लागली तर सोडावी. मुलीच्या जातीला ॲडजस्ट करावंच लागतं,'' एक प्रौढ बाई सांगत होत्या. पुढे बसलेला शेतकरी कोणत्याशा कार्यालयात अडकलेल्या आपल्या कागदाची कथा शेजाऱ्याला ऐकवत होता. ''ते म्हणतात, काहीतरी ॲडजस्ट करा, मंग पाहू.''

एकाच प्रवासात एकच इंग्रजी क्रियापद तीनदा कानी पडले आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा होता. पहिल्या वाक्यात सौजन्याची विनंती होती, दुसऱ्यात सोसण्याचा उपदेश होता आणि तिसऱ्यात चक्क लाचेची मागणी होती. शब्द मात्र एकच, गुळगुळीत आणि सभ्य!

आपल्या मराठीत या प्रत्येक कृतीला स्वतंत्र शब्द आहे. बाकावर माणूस सरकून बसतो. नव्या घरात, नव्या गावात तो जुळवून घेतो. थोरला धाकट्याला सांभाळून घेतो. भांडण वाढू नये म्हणून शहाणा माणूस पडते घेतो. महिनाअखेरीस गृहिणी आहे त्यात भागवते. पाहुण्यांकडील उणे आपण चालवून घेतो. दोन पक्ष अटी ठरवून तडजोड करतात. आणि अन्याय होतो, तेव्हा माणूस सोसतो. यातील प्रत्येक क्रियापद कोणी, कोणासाठी आणि किती सोडले, हे स्पष्ट सांगते. 'सांभाळून घे' म्हटले की जबाबदारी समर्थाकडे जाते. 'सोस' म्हटले की ऐकणारा दचकतो, कारण त्या शब्दात अन्यायाची कबुली असते. 'ॲडजस्ट कर' म्हटले की असे काहीच होत नाही. कोणी कोणावर लादले, हे कळतच नाही. सुनेला 'सोस' म्हणायला जी जीभ कचरते, तीच 'ॲडजस्ट कर' म्हणताना मुळीच अडखळत नाही. 'लाच द्या' म्हणण्याचे धैर्य नसलेल्यालाही हा शब्द सोयीचा पडतो. शब्द गेला की त्यामागचा विवेकही जातो, तो असा.

या क्रियापदाचे मूळ मोठे उद्बोधक आहे. उत्तरकालीन लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तेथून सतराव्या शतकाच्या आरंभी ते इंग्रजीत आले. त्याच्या पोटात 'युक्स्ता' म्हणजे 'जवळ, लगत' हा लॅटिन शब्द आहे. मूळ अर्थ होता जवळ आणणे. पुढे 'न्याय्य' या अर्थाच्या 'युस्तुस' या शब्दाशी त्याचा भ्रमाने संबंध जोडला गेला आणि 'बरोबर करणे' ही छटा त्याला चिकटली. भाषाशास्त्रज्ञ या 'युक्स्ता'चे नाते जोडणे, जुंपणे या अर्थाच्या प्राचीन धातूशी लावतात. आपल्या संस्कृतातील 'युज्' धातू त्याच कुळातला. त्यातूनच योग, युग आणि युगल हे शब्द आले. 'युग' म्हणजे बैलांच्या मानेवरचे जू, आणि 'युगल'वरून आले आपले जुळे व जुळणे. म्हणजे 'ॲडजस्ट' आणि 'जुळवणे' हे दूरचे भाऊबंदच निघाले! घरचा भाऊ उंबरठ्यात उभा असताना आपण परगावच्या चुलतभावाला पाटावर बसवले आहे.

परका शब्द मुळीच नको, असा आमचा हट्ट नाही. 'बदलणे' हे क्रियापद अरबी 'बदल'वरून घडले आणि मराठी प्रत्यय लेऊन मराठीच झाले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी महापौर, दिनांक असे शब्द दिले. पण बाहेरून आलेल्या नव्या वस्तूंची नावे घेण्यास त्यांची हरकत नव्हती. आपला सकस शब्द जिवंत असताना त्याला मारून परका घेण्यास होती. टेबल आले, ते नव्या वस्तूबरोबर आले. 'ॲडजस्ट'ने कोणती नवी वस्तू आणली? त्याने आपले आठ शब्द मात्र गिळले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद झालाच, पण असा दर्जा टिकतो तो घरातल्या बोलण्यात. लेकरू शब्द शिकते ते आईच्या, आजीच्या तोंडून. घरी आठ दिवस एक प्रयोग करून पाहावा. 'ॲडजस्ट' ओठांवर आले की क्षणभर थांबून नेमका मराठी शब्द शोधावा. कधी 'सरका' सापडेल, कधी 'सांभाळून घ्या'. आणि कधी 'सोस' हा शब्द सापडला, तर तो उच्चारण्याआधी आपण समोरच्यावर काय लादत आहोत, याचा विचार आपोआप होईल.

घाटाखालच्या शेतकऱ्याला जू समजावून सांगावे लागत नाही. दोन्ही बैलांनी सारखा खांदा दिला तर औत सरळ चालते. एकाने अंग चोरले की दुसऱ्याच्या खांद्याला सूज येते. जुळवून घेणे म्हणजे दोघांनी जू पेलणे. संसाराचे औतही असेच चालते. एकाच्याच मानेवर सारा भार टाकायचा आणि त्याला 'ॲडजस्टमेंट' म्हणायचे, हे ना भाषेला शोभते, ना कुटुंबाला.