कोकमाचे तेल आणि वहिनींच्या गोळ्या

दिवाळी सरली, की थंडीबरोबर टाचांना भेगा पडतात. आमच्याकडे तेव्हा कोकमतेलाची वडी निघते. रातांब्याच्या बियांचे हे तेल तुपासारखे थिजलेले असते. वाटीत जरा तापवून रात्री चोळावे. (चादर जुनी घालावी!) त्वचेवर थर बसून ओलावा आत टिकतो. त्याचे काम एवढेच, पण चोख.

शेजारच्या वहिनी मात्र कोकमाच्याच कुळातल्या मलबारी चिंचेच्या अर्काच्या गोळ्यांनी बारीक व्हायला निघाल्या आहेत. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे या अर्काची परीक्षा झाली. अर्क घेणारे आणि बिनऔषधी गोळ्या घेणारे, यांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक पडला नाही! शिवाय अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बाटली डॉक्टरांना दाखवायचे वहिनींनी कबूल केले आहे.