खनिजाचे मोल : उत्पन्न की मुद्दल?

मुद्दल आणि उत्पन्न यांतील भेद हा जमाखर्चाचा पहिला धडा होय. घर भाड्याने दिले तर येणारे भाडे हे उत्पन्न. घरच विकले तर हाती येते ते मुद्दल. भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम पगारात मिळवून 'यंदा माझे उत्पन्न वाढले' असे कोणी सांगू लागला, तर त्याची कीवच करावी लागेल. परंतु व्यक्तीच्या बाबतीत हास्यास्पद ठरणारी ही गोष्ट खनिजसंपन्न राज्ये वर्षानुवर्षे करीत आली आहेत आणि प्रचलित हिशेबपद्धतीने तिला प्रतिष्ठाही दिली आहे.

राज्याच्या मालकीचे खनिज भूगर्भातून काढले जाते, तेव्हा खाणपट्टेदार सरकारकडे स्वामित्वधन भरतो. अंदाजपत्रकात ही रक्कम करेतर महसूल म्हणून जमा होते. तेवढ्याने महसुली तूट कमी दिसते आणि तो पैसा पगार, अनुदाने, व्याज अशा चालू खर्चात मिसळून जातो. याउलट, सरकारने एखाद्या सार्वजनिक कंपनीचे समभाग विकले तर ती रक्कम भांडवली जमा ठरते. समभाग विकल्याने मालमत्ता घटते हे हिशेबनिसास मान्य आहे. डोंगर पोखरून जहाजात भरल्याने ती घटते, हे मात्र त्याच्या वहीस मान्य नाही.

स्वामित्वधन हा एक प्रकारचा करच, असे म्हणण्यासही आता जागा उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो कर नसल्याचा निर्णय दिला. खनिजावरील हक्काच्या उपभोगासाठी पट्टेदाराने मालकास दिलेला तो मोबदला होय. मग पुन्हा न उगवणाऱ्या वस्तूचा मोबदला उत्पन्नात कसा बसतो, या प्रश्नाचे उत्तर देणे प्राप्त आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य गोव्याइतके अन्यत्र क्वचितच दिसेल. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील लोहखनिज दशकानुदशके मांडवी आणि झुआरीतून बार्जांनी मुरगावकडे गेले. खाणीचा खड्डा भूजलाच्या पातळीखाली उतरला की त्यातले पाणी सतत उपसावे लागते आणि भोवतालच्या विहिरी आटतात. टाकाऊ मातीच्या ढिगांवरून पावसाळ्यात वाहणारा गाळ भातशेतीत साचतो. पंपाला लागणाऱ्या डिझेलचा खर्च कंपनीच्या वहीत नोंदला जातो. आटलेल्या विहिरीचा कोणाच्याच वहीत नोंदला जात नाही. पुढे २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकमालक, बार्जवरील कामगार आणि खाणमजूर यांच्यावर संकट कोसळले. इतक्या वर्षांच्या विक्रीतून काही शिल्लक बाजूला ठेवलेली असती, तर त्या पडत्या काळात तिचा आधार झाला असता.

सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात पट्टेदारांनी विक्रीच्या रकमेपैकी १० टक्के भाग एका स्थायी निधीत भरावा, असा आदेश दिला. भावी पिढ्यांचा खनिजावरील हक्क त्याने मान्य झाला. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधी खाणग्रस्त भागासाठी स्वागतार्हच आहे; परंतु तो मुख्यतः खर्चासाठी आहे, मुद्दल राखण्यासाठी नव्हे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, स्वामित्वधनातून शाळा आणि रस्तेच बांधले जातात. तसे असेल तर उत्तमच. नैसर्गिक संपत्ती विकून आलेला लाभ टिकाऊ भांडवलात गुंतविल्यास पुढील पिढीचे नुकसान होत नाही, असे जॉन हार्टविक या अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडले. मात्र ती रक्कम खरोखर गुंतविली की खर्चून टाकली, हे दाखविणारे खाते हवे. आज ते नाही. दुसरा आक्षेप असा की, भूगर्भातील साठ्याचे मूल्य हा केवळ अंदाज असतो. परंतु यंत्रावरील घसारा हाही अंदाजच असतो. म्हणून कोणी तो वगळत नाही. शिवाय साधने तयार आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ साली पर्यावरणीय लेख्यांची चौकट स्वीकारली आहे आणि भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०२२ साली राज्यांच्या खनिज साठ्यांची लेखे प्रसिद्ध केली आहेत. उणीव आहे ती या लेख्यांची सांगड अंदाजपत्रकाशी घालण्याची.

ही सांगड घातली म्हणजे काय साधते, हे नॉर्वेत दिसते. १९९० साली कायदा करून त्या देशाने खनिज तेलाच्या उत्पन्नासाठी निधी स्थापन केला. अंदाजपत्रकासाठी सर्वसाधारणपणे निधीच्या अपेक्षित परताव्याइतकीच रक्कम घ्यावयाची, असा दंडक तेथे २००१ पासून आहे. आरंभी हे प्रमाण ४ टक्के होते. २०१७ साली ते ३ टक्क्यांवर आणण्यात आले. दुसरीकडे, फॉस्फेटवर श्रीमंत झालेल्या नाउरू या बेटानेही निधी उभारला होता. तो चुकीच्या गुंतवणुकींत बुडाला. म्हणजे निधी पुरेसा नाही. त्यावर जनतेची नजर हवी आणि नजर ठेवावयाची तर हिशेब वाचता आला पाहिजे.

म्हणून मागणी साधी आहे. गोव्याने, तसेच चंद्रपूर-वणीचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज विकणाऱ्या महाराष्ट्राने, दरवर्षी अंदाजपत्रकासोबत एक पानाचे विवरण सादर करावे : वर्षारंभी साठा किती, काढला किती, आला पैसा किती, त्यातील गुंतविला किती, आणि पाणी, शेती व जंगल यांची हानी किती. स्वामित्वधन भांडवली जमेत दाखवावे. याने एकही खाण बंद पडणार नाही. मात्र वर्षअखेरीस आपण श्रीमंत झालो की केवळ संपत चाललो आहोत, हे शाळेत जमाखर्च शिकणाऱ्या मुलासही ताडून पाहता येईल. अखेर ती मालमत्ता त्याचीही आहे.