सहवासाचे भांडवल

एखादा थोर गवई निवर्तला, की महिना उलटण्याच्या आत आमच्या मासिकांतून ‘सहवासाच्या आठवणीं’चा पूर लोटतो. ज्या कोणाची म्हणून बुवांशी अथवा बाईंशी आगगाडीच्या डब्यात, लग्नघरी किंवा एखाद्या चाहत्याच्या दिवाणखान्यात घटकाभर गाठ पडली असेल, तो प्रत्येक जण लेखणी सरसावून पुढे येतो. आणि संपादकही मजकूर आयता मिळाला म्हणून त्याचे सहर्ष स्वागत करतात. या पानांनीही ते केलेले आहे, हे आरंभीच कबूल केलेले बरे. हे आठवणवाङ्मय वाचून वाचकाच्या पदरी पडते काय? खाँसाहेबांना पानात किवाम किती लागे, बुवा चहा बशीत ओतून पीत की पेल्यानेच घेत, बाईंच्या कुड्यांतले हिरे किती पाणीदार होते, आणि या सर्व थोर मंडळींचा लेखकावर किती अकृत्रिम लोभ होता, एवढे निश्चित कळते. त्यांचे गाणे कसे होते, ते मात्र कळत नाही.

थोर कलावंताबरोबर निवांत वेळ घालविण्याचा योग ज्याला लाभला, त्याच्या डोक्यावर एक कर्ज चढते, आणि आम्ही महाराष्ट्रीय रसिकांनी ते कर्ज बहुतांशी बुडविले आहे, असा माझा आरोप आहे. आरोप कडू आहे. आरोपींच्या यादीत माझेही नाव आहे, ते पुढे येईलच.

यांतील कोणताही लेख उघडावा आणि त्यातली किती वाक्ये ‘मी’ आणि ‘मला’ यांनी सुरू होतात, ते मोजावे. ‘मला म्हणाले, अरे, तू तर घरचाच!’ ‘मला पाहताच त्यांनी तंबोरा खाली ठेवला.’ तंबोरा खाली ठेवला, हे या लेखकांना भूषण वाटते! ज्या माणसाला पाहून गवयाने तंबोरा उचलला असे कोणी लिहिले, तर मी त्याच्या पायाशी बसेन. अलीकडे लेखणीचेही कष्ट उरलेले नाहीत. वृद्ध गायिकेच्या खांद्यावर हात टाकून मोबाईलवर छबी काढावी आणि बाई मोटारीत बसण्यापूर्वी ती शंभर जणांना धाडावी, इतके हे काम सुलभ झाले आहे. पु. ल. देशपांडे यांनी गवयांची व्यक्तिचित्रे लिहिली आणि ती अवघ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, ते योग्यच झाले, कारण पु. ल. स्वतः पेटीवर बसणारे होते आणि चहापानाच्या गप्पांतूनही त्यांच्या कानाला सूर लागत असे. त्यांच्यामागून जे निघाले, त्यांनी चहा तेवढा उचलला.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचेच उदाहरण घेऊ. चार सुशिक्षित माणसांत त्यांचे नाव काढा. एक जण त्यांच्या गाणाऱ्या टिपू कुत्र्याची गोष्ट सांगेल. दुसरा १९३७ च्या ऑक्टोबरातली ती रात्र वर्णील. मद्रासेहून पाँडिचेरीस जाताना जिवाला बरे वाटेना म्हणून खाँसाहेब वाटेत सिंगपेरुमाळकोईल स्टेशनावर उतरले आणि फलाटावरच त्यांनी देह ठेवला, ही ती हकीगत. दोन्ही गोष्टी चित्तवेधक आहेत, पण त्या ऐकून कोणालाही त्यांच्या झिंझोटीचा एक सूर अधिक कळेल, असे मला वाटत नाही. आता याच खाँसाहेबांच्या सहवासातला एक निराळा गृहस्थ पाहा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे पेशाने डेप्युटी कलेक्टर, तेही सेवानिवृत्त. अशा माणसाने खाँसाहेबांना घरी बोलावून जेवू घालावे आणि चार पाहुण्यांपुढे मिरवावे, एवढीच आपली अपेक्षा असणार. देवलांनी त्यांच्या गळ्यातले स्वर तारेवर पडताळून पाहिले, त्यांची प्रमाणे मांडली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ती मांडणी निर्विवाद नव्हती. भातखंड्यांना ती मुळीच पटली नाही, आणि आजही तज्ज्ञ तिच्यात दोष दाखवितात. दाखवोत बापडे! दोष काढण्याजोगे काहीतरी देवल मागे ठेवून गेले. कुत्र्याच्या गोष्टीत दोष तरी काय काढणार?

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. कलावंतही माणूसच आहे. मैफल आटोपल्यावर त्याला विसावा हवा असतो. त्या वेळी वही उघडून ‘या रागात कोमल धैवत किती उतरावयाचा?’ असे विचारणारा प्राणी हा गप्पा मारणाऱ्याहून अधिक उपद्रवी आहे, असे आक्षेपक म्हणतील. अगदी खरे आहे. मी असे प्राणी पाहिले आहेत. गवई जेवावयास बसला की ते समोर ठाण मांडतात, आणि बिचाऱ्याचा भात निवतो. केवळ चीज हस्तगत करण्यासाठी गोड बोलणारा आणि ती मिळताच ओळख विसरणारा संग्राहकही मला प्रिय नाही. जुने उस्ताद चिजा लपवीत, म्हणून त्यांची कुचेष्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्यांच्या दाराशी येणारे लोक कोणत्या मासल्याचे असत, याचाही कधी विचार व्हावा.

परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे, आणि ते चूक आहे. मैफल हे गवयाचे काम आणि बाकीचा वेळ ही त्याची सुटी, अशी वाटणी कारकुनाच्या आयुष्यात असते. आपल्या गायकांच्या घरांत ती नव्हती. शिष्य गुरूच्या घरी राहत. पाणी भरीत, बाजारहाट करीत, पाय चेपीत. आणि तालीम ठरल्या वेळी मिळे तशी ती ओट्यावर बसल्या बसल्या, सुपारी कातरता कातरता, गुरूला काही आठवले म्हणूनही मिळे. ज्याला आपण रिकामा वेळ म्हणतो, त्यातच अर्धी विद्या एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेलेली आहे. तेव्हा गवयाबरोबर रिकामा वेळ घालविणाऱ्याने वही काढण्याची गरज नाही. कान तयार करून जावे, म्हणजे झाले. जो तयार होऊन येतो, त्याच्यापाशी गवई आपण होऊन बोलतो. बोलला नाही, तरी त्याच्या जवारी काढण्यातून, शिष्यावर ओरडण्यातून, दुसऱ्याच्या गाण्यावर मान हलविण्यातून अथवा न हलविण्यातून पुष्कळ समजते.

असे तयार कान घेऊन गेलेले लोक आपल्यात झालेच नाहीत, असे नव्हे. गोविंदराव टेंबे यांनी अल्लादिया खाँसाहेबांवर लिहिले, ते ज्याच्या बोटांत पेटी आणि मनात गायकीचा विचार होता अशा माणसाने लिहिले. प्रा. बा. र. देवधर यांच्या मुंबईतल्या संगीतशाळेत मोठमोठ्या गवयांची ऊठबस असे. देवधरांनी त्यांच्या कथा लिहिल्या आहेत, त्यांत विनोद आहे, विक्षिप्तपणाचे नमुनेही आहेत. पण आवाज कसा लागतो आणि कसा बिघडतो, या एका प्रश्नाचा छंद त्यांना होता, आणि गप्पांचा ओघ कोठेही गेला तरी तो प्रश्न जागा राहतो. वामनराव देशपांडे तर व्यवसायाने हिशेबतपासनीस! दिवसा इतरांच्या वह्या तपासावयाच्या आणि संध्याकाळी गवयांच्या संगतीत बसावयाचे, असा त्यांचा क्रम. त्या संगतीतून १९६१ साली ‘घरंदाज गायकी’ निघाली, आणि घराणे म्हणजे काय याविषयी मराठी माणसाला वाद घालता येण्याजोगे काही मिळाले. साहित्यिकांनी जे करावयाचे, ते एका हिशेबनिसाने केले, ही गोष्ट आम्हांला अजून लागावी तशी लागलेली नाही.

आख्यायिकांशी माझे वैर नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी अतोनात गाण्यामुळे बसला आणि पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, ही हकीगत त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. त्यांचे नातू अझीझुद्दीन खाँ यांनी आजोबांच्या तोंडून ती लिहून घेतली, आणि तिचे इंग्रजी भाषांतर २००० साली पुस्तकरूपाने निघाले. ही आख्यायिका ऐकल्यावर त्यांच्या गायकीतील वळणावळणाच्या, एकीतून दुसरी निघणाऱ्या तानांकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहू लागतो: गेलेल्या आवाजाच्या ठिकाणी बुद्धीने काय उभे केले असेल, हा विचार मनात येतो. असा विचार बरोबरच असेल असे नाही. पण तो गाण्याविषयीचा विचार आहे. नातवाने ही हकीगत टिपून ठेवली नसती तर आपल्याला खाँसाहेबांचा फेटा तेवढा आठवत राहिला असता.

उलट केसरबाई केरकरांची दशा पाहा. त्यांच्या करारीपणाच्या, फटकळपणाच्या, बिदागी ठरविताना भल्याभल्यांना गप्प बसविण्याच्या कथा सांगणारांना तोटा नाही, आणि प्रत्येक कथेत सांगणारा तेथे हजर होता हेही आवर्जून सांगितले जाते. बाईंनी गाणे शिकविले ते एका धोंडूताई कुलकर्णींना. त्यांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती कोठे तरी अजून पुढेच चालली आहे; आणि खाली आम्ही त्यांनी कोणाला कसे झापले, हे एकमेकांना सांगत बसलो आहोत. धोंडूताईही २०१४ साली गेल्या.

आता माझी गोष्ट. १९८८ च्या गणेशोत्सवात राजापूरकडच्या आमच्या गावी एक वृद्ध गवई गावयास आले होते. नाव सांगत नाही. मुंबई-पुण्याबाहेरही त्या नावाला वजन होते आणि मी त्यांचा निस्सीम भक्त होतो. गाणे झाले, आणि दुसऱ्या दिवशी पावसाने घाटातली वाट बंद झाली. बुवा दोन दिवस आमच्या घरी अडकून पडले. माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही! दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे आटोपल्यावर ते ओटीवर बसून तंबोऱ्याची जवारी दुरुस्त करीत होते. घोडीवर तारेखाली धागा सरकवीत, तार छेडीत, पुन्हा सरकवीत. आणि त्या नादात एक चीज गुणगुणत होते. कानड्याचाच काही प्रकार होता. अस्ताई दोनदा म्हणून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “हा ओळखलात का?”

मी म्हणालो, “वा बुवा! काय सुंदर!” आणि त्याच श्वासात, फार दिवस मनात घोळत असलेला प्रश्न त्यांना घातला. मुंबईच्या एका गायिकेशी त्यांचे कायमचे बिनसले होते, अशी बोलवा होती. ते खरे का, आणि चूक कोणाची?

बुवा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग तंबोऱ्यावर गवसणी चढवीत त्यांनी मला ती सगळी हकीगत सांगितली, पुष्कळ रंगवून सांगितली. पाहुण्याने यजमानाचे मन राखावे, तसे त्यांनी माझे मन राखले. पुढे कित्येक वर्षे ती हकीगत मी मित्रमंडळींत सांगितली आणि तिच्यावर भाव खाल्ला.

बुवा गेले त्याला आता बराच काळ लोटला. मागे त्यांचे एक शिष्य माझा पत्ता शोधीत आले. स्वतःच सत्तरीच्या पुढचे. गुरुजींच्या एका चिजेची अस्ताई त्यांच्यापाशी होती, अंतरा नव्हता; कोणापाशीच नव्हता. कोकणात पावसात अडकलो असता ती चीज संपूर्ण आठवली होती, असे गुरुजी एकदा बोलल्याचे त्यांना स्मरत होते. “त्यांनी आपल्याकडे अंतरा म्हटला होता का?” असे त्यांनी अत्यंत अदबीने विचारले, आणि अस्ताई म्हणून दाखविली. मी ती ओळखली. त्या दुपारी, माझ्या प्रश्नानंतर, ती पुढे गेलीच नव्हती.

ते गेल्यावर मी त्या वर्षाची रोजनिशी शोधून काढली. त्या दिवसाच्या पानावर बुवांविषयी आठ ओळी आहेत. मुंबईची ती सगळी भानगड त्यांत आहे, आणि शेवटी असे लिहिले आहे की बुवांना आमच्याकडची सोलकढी फार आवडली. त्यांनी ती दोनदा मागून घेतली.